एक माणूस कमी

“चालायचं की ढकलगाडीत बसवून नेतेस?” गाडीतून उतरता उतरता मिस्टर टॉलिव्हर म्हणाले. शाळेच्या दारापुढं बर्फ साचला होता. त्याच्याकडे बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो बर्फ मीच आणून टाकला असावा, असा त्यांचा चेहरा होता.

“चालायचं,” मी म्हटलं. “काठी डाव्या हातात. घाई नाही.”

“मिस पला, तुझ्या बापानं तुला पोलिसात घालायला हवं होतं.”

माझं नाव उत्पला. उत्पला मेश्राम, बल्लारपूरची. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका ट्रॅक्टर कारखान्याच्या गावात मी फिजिओथेरपिस्ट होते. मिस्टर एमस टॉलिव्हर तिथल्या ओतशाळेत उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, उंचेपुरे काळे गृहस्थ. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते माझ्याकडे येत होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून उभं, मग दोन दांड्यांच्या मधून, मग काठी, असं त्यांना मी नव्यानं चालायला शिकवलं होतं. शिकवताना त्यांनी मला भरपूर छळलं होतं, आणि गेल्या थंडीत मला फ्लू झाला तेव्हा मुलीच्या हाती सूपही पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी आमच्या वॉर्डाचं कॉकस होतं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायची पहिली पायरी आमच्या राज्यात पडायची, आणि तीही चिठ्ठी-पेटीनं नाही. आपल्याकडे ग्रामसभेत हात वर करतात ना, तसं; फक्त इथं हाताऐवजी अख्खा माणूस. शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराचा फलक ज्या कोपऱ्यात असेल तिथं जाऊन उभं राहायचं. सगळ्यांच्या देखत. कोपऱ्यात शंभरामागं पंधरा माणसं नसतील तर तो कोपरा बाद; मग अर्धा तास मिळायचा, त्यात दुसऱ्यांची माणसं आपल्याकडे वळवायची किंवा आपण दुसरीकडे जायचं. अमेरिकेची नागरिक झाल्यावरचं हे माझं पहिलंच मतदान होतं.

त्या वर्षी सेनेटर ज्युलियन मार्श नावाचा एक काळा उमेदवार उभा होता. तरुण, अभ्यासू, बोलायला गोड. मिस्टर टॉलिव्हरांची मुलगी रोझालिंड आमच्या वॉर्डात त्याच्या प्रचाराची कॅप्टन होती. ती शाळेत गणित शिकवायची. शरद ऋतूपासून दर शनिवारी ती घरोघर हिंडली होती. मी दोनदा तिच्याबरोबर गेले होते. लोक दार उघडायचे, हसायचे, कुणी सफरचंदाचं गरम सायडर प्यायला द्यायचं. “उत्तम माणूस आहे,” म्हणायचे. “आम्ही येऊ.”

गंमत म्हणजे तिच्या वडिलांच्या अंगणात मार्शचा फलक नव्हता. एकदा व्यायाम करून घेताना मी सहज म्हटलं होतं, “तुम्ही तर मार्शचेच असणार.”

“सगळ्यांना असंच वाटतं,” ते म्हणाले. मग गुडघा वाकवत, दात आवळत म्हणाले, “दारात उभं राहून हो म्हणणारी माणसं मी मोजत नाही, मिस पला. तुमच्याकडे मोजतात?”

तेव्हा मी त्यांना माझ्या बाबांची गोष्ट सांगितली. बाबा एकदा नगरपालिकेला उभे राहिले होते, राखीव नसलेल्या वॉर्डातून. बाजारपेठेतली माणसं त्यांना मान द्यायची, गुरुजी म्हणायची. प्रचाराला गेलो की आदरानं बसवायची. आमच्या घरी आली की चहाला मात्र “आज उपास आहे” म्हणायची. आठवड्याचे सातही दिवस कुणाचा ना कुणाचा उपास. पण मत तुम्हालाच गुरुजी, म्हणायची. निकालाच्या दिवशी बाबांना आमच्या वस्तीतली तेवढी मतं पडली.

मला वाटलं, मिस्टर टॉलिव्हर हसतील. उपासाचं सांगितलं की अमेरिकेत सगळे हसायचे. ते हसले नाहीत.

“पुन्हा उभा राहिला?”

“नाही.”

“शहाणा माणूस.”

“शहाणे नव्हते,” मी म्हटलं. “दमले होते.”

त्यावर त्यांनी दुसरा गुडघा पुढं केला.

जिममध्ये शिरलो तेव्हा कोपरे भरायला लागले होते. रोझालिंड पिवळा स्वेटर घालून इकडून तिकडं धावत होती. तिच्या कोपऱ्यात तिनं पाठ असलेली एक खुर्ची आणून ठेवली होती. कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. तिनं आम्हाला पाहिलं आणि हात हलवला. मिस्टर टॉलिव्हर काठी टेकत निघाले. त्या खुर्चीच्या अलीकडूनच ते वळले आणि समोरच्या कोपऱ्यात, गव्हर्नर व्हिटकोम्बच्या फलकाखाली जाऊन बसले.

व्हिटकोम्ब म्हणजे पांढऱ्या केसांचा, सगळ्यांच्या ओळखीचा, पुष्कळ वर्षं राजकारणात असलेला गोरा माणूस.

मी चमकून बघितलं, तर त्या कोपऱ्यात आमच्या वॉर्डातली जवळजवळ सगळी वयस्कर काळी मंडळी बसली होती. टॉलिव्हरांच्या चर्चमधल्या टोप्या घातलेल्या बायका, कारखान्यातले जुने कामगार. आणि मार्शच्या कोपऱ्यात कोण? कॉलेजातली गोरी पोरं, दोन-तीन शिक्षिका, लायब्ररीतला एक माणूस, मी, आणि रोझालिंड.

टोपीवाल्या बायकांपैकी मिसेस गेन्स माझ्या पेशंट होत्या. मी जाऊन हळूच विचारलं.

“पोरगा गुणी आहे गं,” त्या म्हणाल्या. “रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करते मी. पण गोरे त्याला मत देणार नाहीत. गव्हर्नरला देतील. मग आपलं मत वाया का घालवायचं?”

“पण ती बघा, गोरी पोरंच तर उभी आहेत.”

“पोरं,” त्या म्हणाल्या. “पोरं आहेत ती.”

पहिली मोजणी झाली. मार्शच्या कोपऱ्यात माणसं कमी पडली. फार नाही, चार-पाच. अर्ध्या तासाचं घड्याळ लागलं आणि जिममध्ये आठवडी बाजारासारखा गलका उठला. शेतकऱ्यांचा म्हणून ऑल्सन नावाचा एक उमेदवार होता. त्याचा कोपरा तर पुरताच बाद झाला होता. रोझालिंड तिकडं धावली. मी तिच्यामागं. ती बोलली, ऐकलं, पुन्हा बोलली. एक नवरा-बायको आली. एक म्हातारी “ठीक आहे, ठीक आहे” करत आली. आणि मग ऑल्सनच्या फलकाखालून एक दांडगा, लाल चेहऱ्याचा गोरा म्हातारा उठला, टोपी सारखी केली आणि कुणी बोलवायच्या आधीच चालत येऊन मार्शच्या फलकाखाली उभा राहिला.

“मिस्टर हेन्ड्रिक्स?” रोझालिंडचा विश्वास बसेना.

“ऐकलं त्याला, गावात आला होता तेव्हा,” तो म्हणाला. “मला पटला. आणखी काय करायचं असतं? इथंच उभं राहू ना?”

डेल हेन्ड्रिक्स. ओतशाळेत तो आणि मिस्टर टॉलिव्हर वीस वर्षं एका भट्टीवर होते. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक गल्ली. एवढं मला ठाऊक होतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हेही ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं.

रोझालिंडनं पुन्हा मोजलं. ओठ हलवत, बोट फिरवत. मग तिचं बोट थांबलं.

“एक माणूस कमी पडतोय,” ती म्हणाली.

तिनं समोर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. ती जिम ओलांडून गेली आणि वडिलांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. मी तिच्या मागोमाग गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

“डॅडी, एक. फक्त एक.”

“नाही, बाळा.”

“तुम्हाला तो आवडत नाही?”

“आवडतो.”

“मग?”

“मी तुला त्या हॉलमध्ये पाहिलंय,” ते म्हणाले. “मला ते पुन्हा बघायचं नाही.”

तिला कळलं असावं, कारण तिनं मान खाली घातली. मला कळलं नाही. मिसेस गेन्स माझ्या कानाशी लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी एमस टॉलिव्हर कारखान्यातल्या युनियनच्या अध्यक्षपदाला उभे राहिले होते. कामगार बहुतेक गोरे. पण एमसनं प्रत्येकाच्या अडीनडीला मालकाशी भांडण काढलेलं. तुलाच मत, असं निम्म्या ओतशाळेनं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. बायकोनं, अर्नेस्टीननं, हॉल सजवून जेवण मांडलं होतं. छोटी रोझालिंड नवा झगा घालून दारात फुगे वाटायला उभी. निकाल लागला. काळ्या कामगारांची मतं तेवढी पडली होती. चिठ्ठ्या गुप्त, त्यामुळं कुणी काय केलं कुणालाच माहीत नाही. आणि ती सगळी माणसं हॉलवर आली, पाठीवर थाप मारून गेली, जेवूनही गेली. पोरगी प्रत्येकाला फुगा देत विचारत होती, “तुम्ही दिलंत ना माझ्या डॅडीला?” आणि प्रत्येक जण हो म्हणत होता.

घड्याळात थोडा वेळ उरला होता. मिस्टर टॉलिव्हरांनी काठी जवळ ओढली आणि ते उठले.

जिममधला आवाज एकदम खाली आला. ते चालायला लागले. पाठ ताठ, टाच आधी, मग पंजा, अगदी मी शिकवलं होतं तसं. रोझालिंड उभी राहिली. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. कॉलेजच्या पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि दुसऱ्यांनी त्याला गप्प केलं.

ते मार्शच्या फलकापाशी आले आणि हातभर अंतरावर थांबले. डेल हेन्ड्रिक्सच्या समोर.

“डेल.”

“एमस.”

“मी उभा होतो, त्या वेळी. तू मला मत दिलं होतंस?”

डेलनं टोपी काढली. त्याच्या लाल चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मला अजून आठवतं, त्यानं रोझालिंडकडे एकदा बघितलं आणि मग परत एमसकडे.

“नाही,” तो म्हणाला. “नाही दिलं, एमस.”

“आदल्या रविवारी माझ्या घरी जेवला होतास.”

“जेवलो होतो. अर्नेस्टीननं मासे तळले होते.”

“मग का?”

“सगळे जे करत होते ते केलं. त्याहून बरं कारण असतं तर केव्हाच येऊन सांगितलं असतं.”

मिस्टर टॉलिव्हरांनी मान हलवली. हळू, दोनदा. मला वाटलं, आता ते त्याच्या शेजारी उभे राहतील. काठीचं टोक थोडं पुढं सरकलंही. मग ते वळले आणि ज्या वाटेनं आले होते त्याच वाटेनं परत जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

सभेच्या अध्यक्षबाईंनी शिट्टी वाजवली. वेळ संपला.

मार्शचा कोपरा बाद झाला. माणसं पांगली. काही दुसऱ्या कोपऱ्यांत गेली, काही कोट चढवून घरी. डेल दुसऱ्या कुठल्याच कोपऱ्यात गेला नाही. टोपी हातात धरून तो दारातून बाहेर पडला. रोझालिंड फलक उतरवून त्यांच्या घड्या घालत होती. आम्ही निघालो तेव्हा ती वडिलांपाशी आली. रडत नव्हती.

“तुम्ही मला नाही म्हणालात, ते मला चाललं असतं, डॅडी,” ती म्हणाली. “उठलात कशाला?”

गाडीत मी हीटर लावला. घर येईपर्यंत ते काचेबाहेर बघत राहिले आणि उतरताना पहिल्यांदाच त्यांनी काठी चुकीच्या हातात घेतली.

राज्याचा निकाल लागला. मार्श थोडक्यात तिसरा आला. एका शाळेच्या जिमनं त्यात काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण अशा जिम राज्यात पुष्कळ होत्या. पुढं दक्षिणेतली राज्यं होती, तिथं पक्षाचे निम्म्याहून जास्त मतदार काळे. ते आयोवाकडे बघत होते, की इथले गोरे त्याला देतात का. आणि टीव्हीवरचे गोरे पंडित म्हणत होते, त्याचेच लोक त्याच्यामागं नाहीत, तर आमच्याकडून कसली अपेक्षा? दक्षिणेत मतदान व्हायच्या आधीच मार्शनं माघार घेतली.

ते भाषण आमच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर चालू होतं, तेव्हा मिस्टर टॉलिव्हर व्यायामाला आले होते. ते उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग आत आले, पलंगावर बसले आणि बूट काढायचं सोडून बोलायला लागले.

“तुला माहीत आहे मी का उठलो होतो?”

“नाही.”

“डेलला खोटं बोलताना पकडायला. ‘दिलं होतं’ असंच म्हणेल, याची मला खात्री होती. म्हणाला की मी पोरीला सांगणार होतो, बघ, अजून तेच चाललंय, चल घरी. चाळीस वर्षं मी ते वाक्य तयार ठेवलं होतं.”

“आणि तो खरं बोलला.”

“तो खरं बोलला,” ते म्हणाले. “भर सभेत. तो तसं म्हणाला तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं, मिस पला. असं कुणी म्हणेल, हे डोक्यातच नव्हतं माझ्या. मग पाय आपले ओळखीच्या वाटेनं परत गेले.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पायऱ्या केव्हा शिकवणार?”

“घाई नाही. उन्हाळ्यात.”

“डेलच्या घराला पुढं उंच पायऱ्या आहेत,” ते म्हणाले. “कठडा नाही. त्याला खाली बोलवून घेणं बरं दिसणार नाही.”

आम्ही पायऱ्यांना सुरुवात केली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. ते कुरकुर न करता करत. मध्ये त्यांच्या छातीत कफ झाला आणि महिना फुकट गेला. पुन्हा लागलो. बाहेर बर्फ वितळला, शेतांत मक्याची पेरणी झाली. एका सोमवारी त्यांनी दवाखान्यातला लाकडी जिना कठड्याला न धरता चढून दाखवला आणि वर उभं राहून माझ्याकडे बघून टोपी उंचावली.

त्याच आठवड्यात डेल हेन्ड्रिक्स गेला. घरामागं लाकडं फोडत होता, तिथंच कोसळला.

अंत्यविधी हेन्ड्रिक्स कुटुंबाच्या, लुथरन पंथाच्या चर्चमध्ये होता. इतकी वर्षं त्या गावात राहून मिस्टर टॉलिव्हरांनी त्या इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं. मी गाडी लावली आणि हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. चर्चच्या दगडी पायऱ्या ते एकटे चढले. आत माना वळल्या, मग पुन्हा पुढं झाल्या. शेवटच्या बाकावर आम्ही बसलो.

सगळं आटोपल्यावर डेलची बायको मार्लीन दारात उभी होती. लहानखुरी, चष्म्याआड डोळे सुजलेले. तिनं मिस्टर टॉलिव्हरांचा हात धरला तो सोडेना.

“त्या दिवसापासून तो मला विचारायचा,” ती म्हणाली. “जेवताना, झोपताना, मधेच. मी खोटं बोलायला हवं होतं का गं, मार्लीन? दिलं होतं म्हणालो असतो, तर एमस आमच्या बाजूला उभा राहिला असता का? मी काय सांगणार? तुम्हीच सांगा आता.”

“नाही, मॅम,” मिस्टर टॉलिव्हर म्हणाले. “त्यानं केलं ते बरोबर केलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता.

“हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली.

परत येताना त्यांनी मला रोझालिंडच्या घरावरून गाडी घ्यायला सांगितलं. ते उतरून आत गेले. मी बाहेर थांबले. ते लवकरच परत आले. “बोलली?” मी विचारलं. “कॉफी दिली,” ते म्हणाले. त्या उन्हाळ्यात तिनं मिनियापोलिसच्या शाळेत नोकरी घेतली. ती दर रविवारी फोन करायची, औषधं विचारायची, हवा विचारायची. त्या संध्याकाळबद्दल दोघं शेवटपर्यंत बोलले नाहीत. तिनं पुन्हा कुणाचा प्रचार केला नाही.

चार वर्षांनी पुन्हा कॉकस आलं. मिस्टर टॉलिव्हर खूप थकले होते, मला वाटलं येणार नाहीत. त्यांनी स्वतःच फोन करून न्यायला बोलावलं. आम्ही लवकर पोचलो. जिम रिकामी होती, कोपऱ्यांत नुसते फलक लावून ठेवले होते. त्या वर्षी सगळे उमेदवार गोरेच होते.

मी त्यांच्यासाठी खुर्ची उचलली आणि विचारलं, “कुठं ठेवू?”

ते दारातच काठीवर रेलून उभे राहिले. एकेका कोपऱ्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं. बाहेरून माणसं यायला लागली होती, त्यांच्या बुटांचे आवाज येत होते.

“कुठंही ठेव,” ते म्हणाले. “आता कुठंही ठेव.”